दुसऱ्याच्या हातचा घास

एका राज्यात सगळं काही होतं. तळी होती, तळ्यांना दगडी घाट होते, रस्त्यांवर दुतर्फा गर्द सावली होती, आणि राजाच्या खजिन्यात एवढं सोनं होतं की दार उघडलं की उंबऱ्यावर सांडायचं. वाटसरू विचारत, "या राज्यात दुःखी कोण आहे?" लोक सांगत, "कुणी नाही." ते खोटं बोलत नव्हते. जे दुःखी होते ते त्यांना दिसतच नव्हते.

त्या राज्यात पाऊलपूजनाची रीत होती. मूल पहिल्यांदा चालू लागलं की त्याची पावलं ओल्या तांबड्या कावेत बुडवायची आणि उंबऱ्यापासून गल्लीपर्यंत त्याला चालवायचं. आळीतल्या बाया ओवाळायच्या, गूळखोबरं वाटलं जायचं. तिसरं वर्ष सरलं तरी ज्या घरातून अशी पावलं उमटली नाहीत, ते घर दिसेनासं व्हायचं. भिंती जागच्या जागी असत, आत माणसं असत, चूलही पेटत असे. पण शेजारची दोन घरं एकमेकांना खेटल्यासारखी दिसत आणि येणारा-जाणारा मधल्या दारावरून खुशाल निघून जाई. चार दिवस लोक म्हणत, इथे कुणीतरी राहायचं ना? मग तेही म्हणेनासे होत. माणसांना विसरायला जादू लागतेच असं नाही, इथे तर जादूही होती.

तांबट आळीतल्या वेणुमतीचं घर असंच गेलं. तिची लेक इंदुला चालली नाही, बसली नाही, बोललीही नाही. मान धरत नसे. पातळ पेज थेंबाथेंबानं घशाखाली उतरवावी लागे, आणि निजवताना कुशीवर वळवलं नाही तर तिचा श्वास अडके. पोट भरलं की मात्र ती आढ्याकडे बघून हसायची. ते हसू बघायला वेणुमतीखेरीज कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं, कारण नवराही हरवला होता. सारंग तांबट भला माणूस. पण त्या शापाचा नियमच असा, की मूल जवळ नसताना जो दिवसभर घराबाहेर राहील त्याला घराचा थोडा थोडा विसर पडत जाई. सारंग सकाळी भांडी घडवायला जायचा, संध्याकाळी दार शोधायचा. आधी क्षणभर शोधायचा, मग घटकाभर. एके दिवशी वेणुमतीनं खिडकीच्या फटीतून पाहिलं, तो गल्लीत उभा राहून भिंत चाचपत होता. तिनं हाका मारल्या. तो ओट्यावर टेकला, कपाळ चोळलं, आणि आपण इथे का आलो हेच न कळून निघून गेला. त्या रात्री वेणुमती पोटभर रडली आणि खिडकी तिनं कायमची लावून घेतली.

पुढची तीन वर्षं तिचा क्रम ठरून गेला. तिन्हीसांजेला मागल्या दारानं निघायचं, इंदुलेला कडेवर घ्यायचं, बाजारातून दाणे घ्यायचे आणि त्या जागी सारंगनं घडवलेलं एखादं भांडं ठेवायचं. कडेवर मूल असलं की तीही कुणाला दिसत नसे. भांडी संपत आली. आणि मग एके दिवशी तिला खोकल्याबरोबर रक्त पडलं.

वेणुमती मरणाला भीत नव्हती. तिला एकच भय होतं. आपण डोळे मिटले तर या न दिसणाऱ्या घरात ही पोर जिवंत आहे हे कुणाला कळणार? तिला कुशीवर कोण वळवणार?

कौलांवर एक पिंगळा बसायचा. पाखरांना शाप लागत नाही, त्यांना सगळी घरं दिसतात. तो म्हणाला, "वेणुमती, रडून काय होणार? जादूगाराला विचार."

"कुठे असतो तो?"

"काळ्या सुळक्यावर. नाव कालकंठ."

"इंदुलेला कुणाजवळ ठेवू?"

ठेवण्यासारखं कुणीच नव्हतं. तेव्हा वेणुमतीनं लुगड्याची झोळी केली, लेकीला पाठीशी बांधलं, मडक्यात पेज घेतली आणि ती निघाली. राजपुत्र मोहिमेवर निघतात तेव्हा त्यांच्या हातात तलवार असते आणि पाठ मोकळी असते. हिला दर कोसावर थांबून पाठीवरचं ओझं उतरवावं लागे, भरवावं लागे, पुसावं लागे. वाटेत आगीची नदी लागली, बोलणारे दगड लागले, दोन डोक्यांचा नाग लागला. पण त्यांच्यातल्या कुणालाही ती दिसली नाही, म्हणून कुणी अडवलं नाही. शापाचा एवढा एकच उपयोग तिला झाला.

सुळक्यावर कालकंठ दिव्यांच्या मधोमध बसला होता. जितकी घरं त्यानं गिळली होती तितके दिवे.

"बाई, काय हवं?" त्यानं विचारलं.

"माझ्या मुलीवरचा शाप काढा. ती चालू दे."

"तुझ्या मुलीवर शाप नाही," कालकंठ म्हणाला. "ती जन्मली तशीच आहे, तशीच राहील. शाप घराला आहे. आणि घरं मी चोरली नाहीत. या राजाच्या आजानं ती मला दिली. मी सोनं देऊ केलं, बदल्यात पाऊल न उमटलेली घरं मागितली. तो म्हणाला, अशी असतील किती? मूठभर. घेऊन जा."

तीन वर्षं वेणुमतीनं मनात एकच चित्र जपलं होतं, कावेत बुडवलेल्या दोन इवल्या पावलांचं. ते तिथे त्या खडकावर मोडलं. ती रडली, आणि रडतानाही तिचा हात लेकीची मान सावरत होता. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "घराचा शाप कसा सुटेल?"

"विचारलंस तर सांगणं मला भाग आहे. मूल घेऊन एवढं चढून आजवर कुणी आलं नाही. तीन कामं आहेत. पहिलं, या मुलीला दुसऱ्याच्या हातचा घास. दुसरं, दुसऱ्याच्या राखणीत तुझी झोप. तिसरं, राजानं तिला मांडीवर घेऊन म्हणायचं, हे माझ्या राज्यातलं घर. आणि सोन्याचा शेवटचा कण राख होईपर्यंत तिला खाली ठेवायचं नाही."

"पण यातलं मी काय करायचं?"

"काहीच नाही. तू केलेलं धरलंच जाणार नाही."

"मग दुसरं कोण करील? मी तर कुणाला दिसत नाही!"

कालकंठ हसला. "म्हणून तर दिवे विझत नाहीत."

वेणुमती डोंगर उतरली ती अर्धमेली होऊन. मागल्या दाराला वळसा घालण्याचंही त्राण उरलं नव्हतं. भर दुपारी, लेक पाठीशी, ती तीन वर्षांत पहिल्यांदाच आपल्या आळीतून समोरून आली. आणि थबकली. तिच्या घरापासून चौथ्या ठिकाणी, जिथे तिला ठाऊक असलेली दोन घरं खेटून होती, तिथे मधे एक तिसरं घर होतं. खिडक्या बंद. दाराच्या फटीतून धूर येत होता.

तिनं कडी वाजवली. हातात पळी घेतलेल्या एका बाईनं दार उघडलं, आणि दोघी एकमेकींकडे पाहतच राहिल्या.

"मी दिसते तुम्हाला?" त्या बाईनं विचारलं.

"दिसता की. आणि मी?"

"तुम्हीही दिसता. अगंबाई, तुम्हीही दिसता!"

शाप लागलेल्यांना शाप लागलेले दिसत होते. या बाईचं नाव अंबुजा. तिच्या तारिणीचे पाय जन्मापासून निर्जीव, वय नऊ, आणि तोंडाला मात्र खळ नाही. घरात म्हातारे सासरे होते. सहा वर्षं अंबुजाला वाटत होतं की सगळ्या राज्यात असं घर आपलं एकटीचं. तिनंही खिडक्या लावल्या होत्या, तीही मागल्या दारानं तिन्हीसांजेला निघत होती. चार घरांचं अंतर! दोघींनी आपापल्या लाजेपायी ते कधी ओलांडलं नव्हतं. या गोष्टीवर हसावं की रडावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"ही जेवली का?" अंबुजानं इंदुलेकडे पाहून विचारलं.

वेणुमती काही बोलायच्या आत तिनं पोरीला मांडीवर घेतलं. पहिला घास ओघळला. दुसऱ्याला ठसका लागला आणि वेणुमती झेपावली. "मान जरा पुढे," ती म्हणाली. तिसरा घास उतरला. तिकडे काळ्या सुळक्यावरचे दिवे थरथरले.

"सूनबाई, या बाईंना निजू दे," म्हातारे म्हणाले. "पोरीजवळ मी बसतो. बाळ, तिला कसं निजवायचं तेवढं दाखव." वेणुमतीनं दाखवलं. मग भिंतीला पाठ टेकली आणि झोप कधी लागली ते तिला कळलंही नाही. तीन वर्षांत जिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर दचकून उठली. अंथरुणाकडे धावली. इंदुला कुशीवर होती, श्वास नीट चालला होता. म्हातारे तिथेच ताठ बसून जागे होते, आणि तारिणी इंदुलेला आढ्यावरच्या कोळ्याची गोष्ट सांगत होती. वेणुमती म्हाताऱ्यांच्या पाया पडली.

आता उरला राजा. पिंगळा म्हणाला, "खजिन्यात जा. ते सोनं म्हणजे तुमच्या घरांचं मोल. त्याच्या उजेडात तुम्ही दिसाल. पण एकट्या जाऊ नका."

दोघी निघाल्या आणि आळीआळीत न दिसणारी दारं ठोठावत गेल्या. कुंभार आळीत एक बाप निघाला, घाटाखाली दोघी बहिणी निघाल्या, देवळामागे एक आजी. काही दारं आतून कुणी उघडली नाहीत. तिथे त्यांनी पुन्हा कडी वाजवली, आणि मग पुढे गेल्या.

राजा महासेन रोज सकाळी स्नान करून खजिना पाहायला जाई. त्यानं कुलूप काढलं, आत गेला, मागे वळला, आणि पाहतो तो सोन्याच्या उजेडात माणसंच माणसं, प्रत्येकाच्या कडेवर नाहीतर पाठीशी मूल.

"कोण तुम्ही? पहारेकऱ्यांनी आत कसं सोडलं?"

"आम्हाला कुणी अडवत नाही, महाराज," वेणुमती म्हणाली. "आम्ही तुमच्याच राज्यातले."

"काय हवं? सोनं हवं असेल तर न्या."

"सोनं नको. माझा हात भरून आलाय. हिला जरा धरा, आणि म्हणा, हे माझ्या राज्यातलं घर."

राजाकडे असं मागणं कधी कुणी मागितलं नव्हतं. तो गोंधळून खाली बसला. "मानेखाली हात घ्या," वेणुमतीनं सांगितलं, आणि राजानं घेतला. "हे माझ्या राज्यातलं घर," तो म्हणाला. त्याबरोबर सोन्याच्या ढिगाला कडेनं राख चढू लागली.

भिंतीतून कालकंठाचा आवाज आला. "राजा, मूल खाली ठेव. उरलेलं सोनं वाचेल."

राजानं राखेकडे पाहिलं. त्याचे हात सैल पडले. वेणुमती जागची हलली नाही. तिनं केलेलं धरलं जाणार नव्हतं. तेवढ्यात इंदुलेची मान राजाच्या कोपरात कलली आणि तिच्या लाळेनं त्याची बाही भिजली. राजा त्या ओल्या बाहीकडे बघत राहिला.

"माझ्या आईची बाही नेहमी अशी ओली असायची," तो हळूच म्हणाला. "मी विचारायचो. ती म्हणायची, काही नाही रे." मग त्याला आठवलं. "माझी एक बहीण होती."

त्यानं इंदुलेला छातीशी धरलं, ते शेवटचा कण राख होईपर्यंत सोडलं नाही. सुळक्यावरचे दिवे विझले आणि कालकंठ त्यांच्या धुराबरोबर विरून गेला.

गल्लीगल्लीतून घरं दिसू लागली. लोक दारं उघडून बघत राहिले. काही दारं मात्र फोडावी लागली, आणि आत जे सापडलं त्यावर चादर घालून ते बाहेर आणावं लागलं. राजवाड्यातही एका दालनाच्या टोकाला दार दिसलं. राजाची आई तो दहा वर्षांचा असताना गेली होती. तिच्यामागे त्या खोलीत जाणारं कुणी नव्हतं. आतल्या खाटेवर काय होतं ते राजानं कुणाला सांगितलं नाही. ते स्वतःच्या शेल्यात गुंडाळून तो एकटाच नदीवर गेला. वेणुमतीनं त्याला जाताना पाहिलं आणि इंदुलेला घट्ट धरलं.

संध्याकाळी सारंग आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याला आत येववेना.

"आत या," वेणुमती म्हणाली. "निजलीय ती. हळू बोला."

राजानं हुकूम काढला, की ज्या घरी असं मूल असेल त्या घरी आळीतल्या माणसांनी पाळीपाळीनं जायचं. सकाळी एकानं भरवायचं, दुपारी एकानं राखण करायची, आईबापांना निजू द्यायचं. सुरुवातीला बायकांनी पेज गरमच भरवली, एकदोघी नुसता उपदेश करायला आल्या त्यांना अंबुजानं पळी दाखवून परत धाडलं. घाट ढासळले तसेच राहिले, कारण सोनं नव्हतं. लोक कुरकुरले. पण येत राहिले.

वेणुमतीचा खोकला काही थांबला नाही. राजवैद्यानं नाडी पाहिली आणि मान खाली घातली. उशीर झाला होता. कार्तिकातल्या एका सकाळी सारंगच्या हातात हात ठेवून तिनं डोळे मिटले. घरात रडारड झाली. दुपार झाली तेव्हा अंबुजानं डोळे पुसले, हात धुतले, पेज ढवळून निववली आणि इंदुलेला मांडीवर घेतलं. आई गेली त्या दिवशीही लेक वेळेवर जेवली.

वेणुमतीला शेजार भेटला, तसा तुम्हाआम्हाला भेटो. आणि तिच्याहून लवकर भेटो.