मोराच्या शाळेतलं मुंगूस

माळाच्या कडेला, बोरीच्या जाळीखाली एका मुंगसाचं बिऱ्हाड होतं. बापाचे दात पार झिजलेले. तेव्हा मुलाला आणि मुलीला साप धरायला शिकवणं भागच होतं. पलीकडच्या बांधावर एक म्हातारं मुंगूस ही विद्या शिकवी. फी रोजचा एक उंदीर. पण बापाच्या डोक्यात भलतंच!

"पोरगा मोराच्या शाळेत जाईल," बाप म्हणाला. "फी रोजची तीन अंडी पडते, पडू दे. डोक्याला पीस लावून फिरेल तेव्हा भाऊबंद बघत राहतील."

"अहो, पण तिथं नाच शिकवतात," आई म्हणाली. "आणि पोरगी? ती रोज त्या बांधाकडे डोळे लावून बसते. तिला तरी म्हाताऱ्याकडे घाला."

"तिला कशाला? उद्या दुसऱ्याच्या बिळात जायची ती! तू गप बस, तुला यातलं काय कळतंय?"

पोरगा मोराकडे जाऊ लागला. त्या तीन अंड्यांपायी पोरगी रोज एक वेळ उपाशी झोपू लागली. मुलांनो, हे ऐकून तुम्हाला संताप येत नसेल, तर तुमचंही काहीतरी चुकतंय.

पुढं एका भर दुपारी नाग थेट बिळात शिरला. "अरे, दाखव काय शिकलास ते!" बाप ओरडला. मुलानं पीस सावरलं आणि झकास गिरकी घेतली. नागाला वाटलं, आपल्या स्वागताला कार्यक्रम ठेवलाय. पोरगी मात्र पुढं धावली. "बाबा, कुठं धरू? मानेला की शेपटीला?" बाप सांगेपर्यंत नागानं फणा मारला. आईनं मागं ओढलं म्हणून पोरगी वाचली. बीळ मात्र गेलं ते गेलंच.

चौघं उन्हात उघड्यावर आली. तरी बापाची खोड जाईना. "अजून एक वर्ष मोराकडे राहिला असता, तर..."

"तर नागाला गाणंही ऐकवलं असतं!" आई कडाडली. तिनं पोरीला पुढं घातलं आणि बांधाची वाट धरली. "अगं, मला विचारलंस का?" बाप मागून ओरडला.

"एकदा विचारलं होतं," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

तात्पर्य : पोरांच्या शिक्षणावर खर्च करताना भाऊबंदांची तोंडं बघू नका, पोरांची गरज बघा, आणि मुलगी म्हणून जो तिची विद्या अडवतो, त्यानं स्वतःला बाप म्हणवून घेऊ नये.