वाऱ्याची वाट

माळावर अजून रस्ता नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या वारुळात वाळवीचा एक जुना नियम होता. खोल्यांच्या दर रांगेला वारा खेळायला एक वाट मोकळी ठेवायची. ती खोदण्यात फार वेळ आणि जागा जाई, म्हणून नव्या खोल्या रखडत.

अंडी सांभाळणारी सखू दाई एकदा बांधकामाच्या मुकादमावर चिडली. "माझी अंडी दाराशी ओलीत पडलीत. वारा काय चाटायचाय?"

"दाई, नियम उगाच नाही केलेला."

"मग द्या की जागा!"

जागा नव्हतीच. मुकादमाने मान खाली घातली आणि नियम मोडीत काढला. वाटा बुजवून भराभर खोल्या उठल्या. सखूने एकूण एक अंडं कोरड्यात नेलं. त्या दिवशी ती गात होती.

वैशाखात आत जीव गुदमरू लागला.

"एक वाट खोदू या," मुकादम म्हणाला. "कुणाची खोली पाडू?"

जो तो आपापल्या खोलीचं दार अडवून बसला. सखूही अंडी कवटाळून बसून राहिली. तिच्या कुशीतच ती अंडी एकेक करून काळी पडली.

माळावर ते वारूळ अजून सगळ्यात उंच दिसतं. आत नाग राहतो.