नदीकाठी न म्हणायचं गाणं

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर अजून पूल झाले नव्हते आणि माणसं नावाड्याच्या भरवशावर माहेरी नि बाजाराला जात-येत.

अशा एका नदीवर एक म्हातारा नावाडी होता. पलीकडच्या काठाला गाळ फार, त्यामुळे होडी तिथं लागत नसे. होडी निघाली की नावाडी स्वतः रचलेलं एक गाणं खड्या आवाजात म्हणे. ते कानी पडलं की पलीकडचे लोक गुडघाभर पाण्यातून मधल्या खडकावर येऊन थांबत.

गावोगाव खेळ करणाऱ्या एका बाहुलेवाल्यानं ते गाणं ऐकलं आणि तो त्यावर लुब्धच झाला. चोरून न्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. तो सरळ नावाड्याकडे गेला.

"बाबा, हे गाणं माझ्या खेळात म्हणू का?"

"म्हण की. शेवटी रचणाऱ्याचं, म्हणजे माझं नाव तेवढं घे. आणि नदीकाठी म्हणू नकोस. इथं ते कामाचं गाणं आहे."

"नाही म्हणणार, बाबा."

मनात मात्र तो म्हणाला, 'म्हाताऱ्याला आपल्या घाटावर दुसऱ्याची वाहवा बघवत नाही, दुसरं काय!'

गाण्यानं बाहुलेवाल्याचं नशीब उघडलं. पुढं त्याच घाटावरच्या जत्रेत त्याला खेळाचं बोलावणं आलं. सकाळी त्याची बायको तान्ह्या लेकीला घेऊन पलीकडच्या बाजाराला गेली. दुपारी वरच्या अंगाला आभाळ फुटलं, पाणी चढू लागलं आणि नावाड्यानं होडी बांधून ठेवली.

इकडे खेळ रंगला होता. "ते गाणं होऊ द्या!" लोक ओरडले. बाहुलेवाला जरा घुटमळला. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, 'परवानगी तर घेतलीच आहे. मळ्यात म्हटलं काय आणि घाटावर म्हटलं काय, गाणं एकच!' त्यानं गळा मोकळा सोडला. शेवटी नावाड्याचं नावही घेतलं, तेवढा तो प्रामाणिक होता.

पण टाळ्या आल्याच नाहीत. सगळे नदीकडे बघत होते. गाणं ऐकून पलीकडचे लोक खडकावर आले होते आणि मागची वाट पाण्याखाली गेली होती. त्यांत त्याची बायको लेकीला डोक्याशी उंच धरून उभी होती. बाहुलेवाला हातातल्या बाहुल्या टाकून पाण्याकडे धावला.

नावाड्यानं केव्हाच होडी सोडली होती. ती खडकावर आपटली, तडकली, पण सगळ्यांना घेऊन काठाला आली.

बाहुलेवाल्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. "बाबा, चुकलो."

"माणसं वाचली, बस्स झालं," नावाडी धोतर पिळत म्हणाला. "पण उद्या मी हे गाणं म्हटलं, तर त्यावर विश्वास कोण ठेवील? मला आता दुसरं रचावं लागणार. हे तू घेऊन जा. वाटेल तिथं म्हण."

अशा रीतीनं गाणं सगळंच्या सगळं बाहुलेवाल्याचं झालं. त्यानं ते पुन्हा कधीच म्हटलं नाही.

तात्पर्य : देणाऱ्यानं जेवढं दिलं तेवढंच आपलं, त्यापुढचं पुन्हा विचारूनच घ्यावं.