पायाकडची जागा

“पण मी पाडलं का त्यांना? सांगा की बाई... पाडलं का?”

ओहोळबाई चादरीची घडी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही पाडलंस.”

“मग?”

बाईंनी घडीवरून हात फिरवला, ती बाजूला ठेवली आणि दुसरी चादर उचलली.

कृष्णाकाठचा तो जुना मिशन दवाखाना. आता तिथं काचेची दारं आपोआप उघडतात. तेव्हा लोखंडी कॉट होत्या, एनॅमलची भांडी होती, सकाळी फिनेलचा वास आणि दुपारी आवारातल्या चिंचेची सावली थेट पुरुषांच्या वॉर्डात. त्या वासानं तेव्हा नाकं मुरडली लोकांनी. आता तोच वास आठवला की जीव कासावीस होतो.

सुवार्ता ओहोळ तिथल्या हेडनर्स. नव्यानं लागलेल्या आया आणि वॉर्डबॉय यांना शिकवायचं काम त्यांच्याकडं. पांढरी साडी, बारीक अंबाडा, आवाज कधी चढायचा नाही. तरी मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर खोकून मग बोलायचे.

आणि समोर तावातावानं उभा होता तो बिरदेव कोळेकर. तालमीतला गडी. गुडघा गेला, कुस्ती सुटली आणि कुणीतरी ओळखीनं त्याला इथं चिकटवला. नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की घरी धाडायचं, हे बाईंच्या हातात. तिकडं त्याच्या आईनं मात्र गावभर सांगून ठेवलेलं, माझा बिरू दवाखान्यात लागला म्हणून. परत जायला तोंड नव्हतं बिचाऱ्याला.

लघवीचं भांडं उचलताना त्याची मान खाली जायची. पण कुणाला उचलायचं म्हटलं की “बिरू, ये रे” अशी हाक यायची, आणि त्याची छाती फुगायची. तेवढाच एक मान त्याला शिल्लक राहिला होता.

त्या सकाळी तेच नडलं.

गुंडाप्पा नावाचे म्हातारबाबा होते. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना कॉटवरून स्ट्रेचरवर घ्यायचं होतं. त्या दवाखान्याची रीत अशी, की पेशंटखालच्या चादरीला चौघांनी धरायचं. एक डोक्याकडं, दोघं दोन बाजूंना, एक पायाकडं. नसीमबी, तिथली जुनी आया, बाकीच्यांना बोलवायला गेली. बिरदेव थांबला... थोडं थांबला... आणि त्यानं गुंडाप्पांच्या पाठीखाली हात घातले, सरळ उचललं आणि स्ट्रेचरवर ठेवलं.

“अरे मेल्या, थांब की!” नसीमबी दारातूनच ओरडली.

पण म्हातारा त्याआधीच ओरडला होता. सगळा वॉर्ड उठून बसला.

डॉक्टरांनी पाहिलं. हाड जागच्या जागी होतं, देवाची कृपा. पण परत कॉटवर ठेवल्यापासून गुंडाप्पांनी कॉटचा गज जो धरला तो सोडायला तयार नाहीत. कुणी जवळ गेलं की डोळे गच्च मिटायचे. आया असो, डॉक्टर असो, हात लावू देईनात.

“चौघांचं काम एकट्यानं केलं,” बिरदेव म्हणाला. “शाबासकी राहिली बाजूला, वर ही बोलणी!”

“मी कुठं बोलले तुला?”

खरंच, त्या काहीच बोलल्या नव्हत्या. त्याचाच तर राग आला होता त्याला.

“चल,” बाई म्हणाल्या.

शिकवायच्या खोलीत एक रिकामी कॉट होती. बाईंनी तिच्यावर चादर अंथरली. मग नसीमबीला आणि दोघी आयांना बोलावलं.

“चपला काढ. आडवा हो.”

“मी?”

“मग कोण, मी?”

नसीमबीनं पदर तोंडाला लावला. बिरदेव आडवा झाला. पाय कॉटच्या बाहेर आले.

बाई डोक्याकडं गेल्या. बाकीच्या आपापल्या जागी. कुणी काही बोललं नाही. पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती...

आणि एकदम पाठ कॉटपासून सुटली.

हातभर उचलला असेल, जास्त नाही. पण त्याचा हात आपोआप हवेत गेला आणि जे सापडलं ते त्यानं घट्ट धरलं.

“सोड की रे!” नसीमबी किंचाळली. “बांगड्या फुटल्या माझ्या! आणि खातोस तरी काय? म्हैस बरी.”

त्यांनी त्याला खाली टेकवलं. बिरदेवनं आपला हात पाहिला. नसीमबीच्या मनगटावर त्याची बोटं उमटली होती. मैदानात त्याला कितीतरी जणांनी उचलून आपटलं होतं. तिथं कधी असा हात गेला नव्हता.

“भ्यालास?” बाईंनी विचारलं.

“भ्यायचं काय त्यात...”

बाई वाट पाहत राहिल्या.

“भ्यालो,” तो म्हणाला.

“काय दिसतंय तुला?”

“पंखा.”

“अजून?”

“छत. जळमट हाय कोपऱ्यात.”

“आम्ही?”

त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला. बाईंनी दोन बोटं त्याच्या कपाळावर ठेवली. गुंडाप्पांना तरी कुठं मान वळवता येत होती!

“...नाही दिसत.”

“हं. परत.”

सगळ्या पुन्हा वाकल्या. या वेळी वरून बाईंचा आवाज आला, शांत, अगदी कानाजवळ.

“बिरदेव, आम्ही तुला डाव्या अंगाला घेणार आहोत. डोक्याकडं सुवार्ता.”

“उजवीकडं नसीम. तयार.”

“डावीकडं पारू. तयार.”

मग काहीच नाही.

“नुसती मान हलवू नकोस, गं,” बाई पायाकडच्या आयेला म्हणाल्या. “त्याला दिसत नाही. बोल.”

“पायाकडं यल्लूबाई. तयार.”

आणि पुन्हा शांतता... बिरदेव अंग आवळून पडला. आत्ता उचलतील, आत्ता उचलतील. कुणी हलेना. पंखा फिरत होता. लांब कुठंतरी बादली आपटली.

“उचला की,” तो शेवटी म्हणाला. “कुणाची वाट बघताय?”

उत्तर नाही.

नसीमबीच्या उरलेल्या बांगड्या किणकिणल्या. हसत असावी. त्यानं एकेक माणूस मनात मोजून पाहिलं. डोक्याकडं बोलल्या, उजवीकडून बोलली, डावीकडून, पायाकडून. सगळी तर झाली. राहिलं कोण?

मग त्याच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्याच्या.

“तयार,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

त्यांनी उचललं. लहानपणी अंगणात झोप लागायची आणि आई तशीच उचलून घरात न्यायची, तसं वाटलं त्याला. हात जागेवरच राहिले. त्या चौघी त्याला खाली टेकवून मोकळ्या झाल्या तरी तो डोळे मिटून पडून होता.

“ऊठ बाबा, संस्थान खालसा झालं,” नसीमबी म्हणाली.

तो उठून बसला. चपला पायात घालेपर्यंत त्याच्यातला पैलवान परत आला होता.

“कळलं बाई. उद्या मी डोक्याकडं उभा राहतो. मीच हाक देतो.”

“तू पायाकडं.”

“पायाकडं?” नाकाला मिरच्या झोंबल्या त्याच्या. “एवढी ताकद हाय माझ्यात, आणि मी पायाकडं?”

“म्हणूनच.”

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. विचारायचं होतं ते राहिलंच होतं.

“बाई... माझी नोकरी?”

बाईंनी कॉटवरची चादर ओढून घेतली.

“मला काय विचारतोस? गुंडाप्पांना विचार. त्यांनी गज सोडला की तुझी नोकरी पक्की.”

दुसऱ्या दिवशी तो गुंडाप्पांच्या पायाकडं उभा राहिला. डोक्याकडं नसीमबी. सगळ्यांनी आपापली जागा आणि नाव सांगितलं. त्याची पाळी आली.

“पायाकडं बिरदेव. तयार.”

आवाज ओळखून म्हाताऱ्यानं गज आणखी आवळला.

“नाही,” गुंडाप्पा म्हणाले.

“नाही तर नाही,” नसीमबी म्हणाली, आणि चौघंही चादर सोडून मागं झाले. कुणी समजूत घातली नाही, कुणी दटावलं नाही. बिरदेवच्या मनात आलं, या वाळक्या म्हाताऱ्याची मूठ मी दोन बोटांनी सोडवीन. त्यानं हात पाठीमागं बांधून घेतले.

असं होत राहिलं. रोज चौघं यायची, रोज हाक व्हायची, रोज म्हातारा नाही म्हणायचा आणि ती परत जायची. मधल्या वेळात बिरदेव त्यांच्या कॉटखालचं भांडं नेऊन धुऊन आणायचा. येताना पायाशीच उभा राहून सांगायचा, “आप्पा, मी बिरू. भांडं ठेवतोय.” पुढं पुढं आप्पा “हूं” म्हणायला लागले. त्या एका हूंकरता तो दिवसभर वाट पाहायचा, खरं सांगतो. कुस्ती मारल्यावर जेवढा आनंद व्हायचा, त्याहून जास्त व्हायचा.

आणि एका दुपारी, चिंचेची सावली वॉर्डात आलेली असताना, त्यानं “पायाकडं बिरदेव, तयार” म्हटलं. म्हातारबाबांचे ओठ हलले. मग गजावरचं एक बोट उठलं, दुसरं उठलं...

“घ्या,” गुंडाप्पा म्हणाले. “मी तयार आहे.”

बिरदेवच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते. हातात चादर होती.

दारात बाई उभ्या होत्या. त्या तशाच निघून गेल्या. पुढच्या महिन्यात नोकरी पक्की झाली.

ते दिवस गेले. पारू गेली, यल्लूबाई गेली. नसीमबीसुद्धा गेली, आणि तिच्याबरोबर वॉर्डातलं अर्धं हसू गेलं. चिंच तोडली, तिथं गाड्या लावतात. बाई निवृत्त होऊन भावाच्या गावी राहायला गेल्या. बिरदेवचे केस पिकले. आता सगळे वॉर्डबॉय आणि आया त्याच्या हाताखाली, आणि नव्यांना शिकवायचं कामही त्याच्याकडं. नवी पोरं त्याला सर म्हणतात. त्याला ते आवडतं, आणि आवडतं म्हणून थोडी लाजही वाटते.

अशात एक दिवस बाईच दवाखान्यात आल्या. स्ट्रेचरवरून. न्हाणीत पाय घसरला होता. खुब्याचंच हाड. ऑपरेशन झालं, आणि त्यांना वॉर्डातल्या कॉटवर घ्यायची वेळ आली.

बिरदेवनं सगळ्यांना बाजूला सारलं. डोक्याकडची चादर तो दुसऱ्या कुणाला धरू देणार नव्हता.

डोक्याकडं तो स्वतः उभा राहिला. उजवीकडं सचिन, डावीकडं इम्रान. पायाकडं सारिका म्हणून एक नवी आया होती, याच आठवड्यात लागलेली, सरांसमोर अंग चोरून उभी.

बाई केवढ्याशा झाल्या होत्या. अंबाड्याची गाठ उरली होती नुसती. डोळे मिटलेले. बिरदेवचा ऊर भरून आला. बाईंनी ऐकावं, बाईंना कळावं, की त्यांचं काही वाया गेलं नाही. एवढंच त्याला हवं होतं.

तो त्यांच्या कानाशी वाकला.

“बाई, आम्ही तुम्हाला कॉटवर घेणार आहोत. डोक्याकडं बिरदेव.”

“उजवीकडं सचिन. तयार.”

“डावीकडं इम्रान. तयार.”

सारिकानं घाईघाईनं मान हलवली.

बिरदेव बाईंच्या तोंडाकडं पाहत होता.

“बाई... तयार?”

बाईंची पापणी हलली नाही.

“सर, गुंगीत आहेत त्या,” सचिन हळूच म्हणाला. “घेऊ या का?”

“थांब.” बिरदेवचा आवाज जरा चढलाच. “यांनी शिकवलंय मला. त्या बोलल्याशिवाय चादर हलायची नाही.”

सगळे थांबले. काचेचं दार उघडलं, मिटलं. खोटं कशाला सांगू, आतून बिरदेव सुखावला होता.

“बाई,” तो पुन्हा म्हणाला. “तयार?”

बाईंचे ओठ हलले. त्यानं कान जवळ नेला. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या,

“मी मघापासून तयार आहे, बिरू... पायाकडचं माणूस अजून बोललं नाही.”