होड्यांच्या वाट्याचा पैसा

“...पण वादळ काय मी आणलं, बुवा?”

मिलिंद टिपणीस चिडून विचारत होते. ते एका विमा कंपनीचे प्रमुख, आणि मठाचे जुने शिष्य. मासेमारी होड्या आणि मोटारी, दोन्हींचा विमा त्यांची कंपनी उतरवत असे. साखरखाडीच्या बंदरात वादळाने होड्या फुटल्या होत्या आणि कंपनीकडे भरपाई द्यायला पैसा नव्हता. म्हणून टिपणीस वादळात सापडलेल्या कोळ्यांच्या जेवणासाठी ट्रकभर तांदूळ घेऊन मठात आले होते.

मठाचे प्रमुख निरंजनबुवा ऐकत होते.

“होड्यांसाठी वेगळं भांडवल राखलं होतं. वर्षानुवर्षं एक होडी बुडाली नाही. इकडे मोटारींचा धंदा वाढत चालला, त्याला भांडवल हवं होतं. मी तिकडे वळवलं. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.”

“आता कुठं आहे ते?”

“मोटारींच्या अपघातांत गेलं. नवं जमवतोय... वेळ लागेल.”

बुवा उठले. “चल. पान मांडलंय.”

अंगणात कोळ्यांची पंगत बसली होती. बुवांनी टिपणीसांना हिरा चोगलेच्या शेजारी बसवलं. तिची होडी वादळात गेली होती, आणि होडीबरोबर दीरही.

वाढपी भात वाढत आला. टिपणीसांचं पान ओलांडून पुढे गेला.

“अहो, इथं राहिलं.”

“राहिलं नाही,” बुवा म्हणाले. “तुझा वाटा मीच पलीकडच्या पंगतीला द्यायला सांगितला. तिकडे माणसं वाढत चालली होती.”

टिपणीसांचा चेहरा लाल झाला.

“ट्रकभर तांदूळ मी आणला, आणि मलाच उपाशी...”

हिराने मान वर केली नाही. अजून न कालवलेला अर्धा भात तिने त्यांच्या पानाकडे सरकवायला घेतला.

बुवांनी वाकून तिचा हात धरला.

“नको, मुली. तुझ्या वाट्याचं एकदा नेलंय त्यानं.”

पंगत थबकली.

“नेलं?” टिपणीस पानावरून उठले. “मी चोर नाही, बुवा. एक पैसा घरी नेला नाही. तो पैसा नुसता पडून होता.”

बुवांनी हिराचा हात सोडला.

“पडून नव्हता,” ते म्हणाले. “होड्यांच्या पाठीशी उभा होता.”