निकालाआधीचा निकाल

अमेरिकेतल्या विद्यापीठाला मृदुलाचे बारावीचे अपेक्षित गुण जानेवारीतच हवे होते आणि आपल्याकडे परीक्षाच फेब्रुवारीत. तिने तशा पत्रावर सही मागितली, तेव्हा प्राचार्य खरवंडीकर कडाडले, "परीक्षेआधी गुण सांगायला मी काय ज्योतिषी आहे? मी कोणाचं भविष्य लिहीत नसतो!"

मृदुला शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या हेरंबदादाचं लिहिलंत की! दहावीत नापास होऊन शाळेचा निकाल बिघडवील म्हणून त्याला नववीतूनच घरी पाठवलंत."

सरांनी पत्र पुढे ओढून सही केली. पत्र तिच्या हाती देताना मात्र त्यांना राहवलं नाही. "पुढे बाहेरून तरी दिली ना गं त्याने दहावी?"

"नाही, सर. त्याचा तुमच्यावर फार विश्वास होता."