सर्वोत्तम जगातला हत्ती

दरबारचा हत्ती लाडोबा रोज सकाळी भिवरा कुंभारणीच्या भिंतीला पाठ घासायचा. चौथ्या दिवशी भिंत वाकली, सहाव्या दिवशी फुटली. वाळत घातलेली मडकी तर पहिल्याच दिवशी गेली. भिवरा तक्रार घेऊन राजेसाहेबांकडे गेली, पण तिची वेळ चुकली.

आदल्याच दिवशी दरबारचं घड्याळ दुरुस्त करायला आलेल्या फिरंगी घड्याळजीनं राजेसाहेबांना त्याच्या मुलखातल्या लायब्निझ नावाच्या थोर पंडिताचं मत ऐकवलं होतं: देवानं शक्य तेवढी सगळी जगं मनात तोलून पाहिली आणि त्यांतलं सर्वोत्तम तेवढं निर्माण केलं. राजेसाहेबांना हे ताबडतोब पटलं. राजा असल्यावर ते पटायला अडचण नसते. त्यांनी तक्रारी ऐकणंच बंद करून टाकलं.

"हत्तीला खाज आहे आणि शेजारी तुझी भिंत आहे. याहून चांगली सोय कुठली?" ते भिवराला म्हणाले. "पटत नसेल, तर मडकी घडवतेस तसं याहून चांगलं जग घडवून दाखव. सोमवारपर्यंत मुदत. नाही जमलं, तर चाक उचल आणि गाव सोड."

भिवरा थेट माहुताकडे गेली. हत्ती उभा राहील ती जागा सर्वोत्तमच, असा निकाल खुद्द सरकारांनी दिल्याचं तिनं त्याला समजावलं. मग सोमवारी तो दरबार भरतो त्या दिवाणखान्यामागे उभा केला तर काय बिघडलं? माहुतानं बराच विचार केला, पण काही बिघडताना दिसेना. शिवाय तिथे सावली होती.

सोमवारी भिवरा रिकाम्या हातांनी दरबारात आली.

"कुठंय तुझं जग?" राजेसाहेबांनी विचारलं, तोच मागची भिंत हलली. चुन्याचा एक पोपडा त्यांच्या पगडीवर पडला, दुसरा घड्याळजीच्या सरबतात. तिसरा पडायच्या आत राजेसाहेब सिंहासनाखाली होते.

"हटवा त्या हत्तीला! नदीवर न्या!"

शिपाई धावले, हत्ती गेला, भिंत थांबली.

"आणलं, सरकार," भिवरा म्हणाली. "कालच्या जगात हत्ती भिंत पाडायचा आणि राजा म्हणायचा, उत्तम! आजच्या जगात राजा म्हणतो, हटवा. दोन्हींत चांगलं कुठलं, ते सावकाश ठरवा. मी तोवर बाहेर थांबते, तिथं पोपडे पडत नाहीत."

राजेसाहेब सिंहासनाखालीच हसू लागले, ते इतके, की त्यांना दोघांनी ओढून बाहेर काढावं लागलं. अजूनही जग सर्वोत्तमच का, असं त्यांनी घड्याळजीला विचारलं.

"आहेच, हुजूर," तो पेल्यातला चुना काढत म्हणाला. "फक्त ते जरा लांबून पाहायचं असतं."

लाडोबाला पाठ घासायला नदीकाठची एक अख्खी शिळा मिळाली. भिवराला मिळाली चिरेबंदी भिंत, भट्टीसाठी दहा गाड्या लाकूड आणि राजवाड्याला लागणाऱ्या सगळ्या मडक्यांचं कायमचं काम.